खालून सातवी पायरी

पहाटे नवरा उठला की मला डोळे मिटूनच कळायचं.
आधी खाटेची करकर,
मग काहीच नाही,
मग दातांतून आत ओढलेला श्वास,
म्हणजे उजवी टाच फरशीला लागली.
तिथून न्हाणीपर्यंत भिंत धरून नऊ पावलं.
दहाव्याला शिवी.

वाल्पाराइसोत सपाट असा एक समुद्रच.
बाकी सगळा चढ.
आमच्या बोळात ट्रक येत नाही,
खेचरंही यायची बंद झाली,
निबाल्दो येतो,
खांद्यावर गॅसची भरलेली टाकी घेऊन,
सत्तावीस वर्षं.
मिठाचं पाणी झालं, बोल्दोची पानं झाली,
शेजारीण एउफेमियाचं घोड्याचं मलम झालं.
तो म्हणायचा, आत काटा फुटलाय,
हाडाला.

दवाखान्यातली यास्ना माझ्या धाकटीपेक्षा लहान.
टाचेला तिनं हातच लावला नाही.
पोटरी दाबली.
हा केवढ्यानं ओरडला!
"दुखतंय खाली, पण ओढ इथली आहे," ती म्हणाली,
"दोर आखडलाय, आणि त्याच्या टोकाला
तुमचा तळवा बांधलेला आहे."
पोरवयात बोटीवर काढलेली त्यानं तीन वर्षं.
दोराचं त्याला पटलं.

मग तिनं विचारलं, घराजवळ जिना आहे का?
आम्ही दोघं एवढे हसलो
की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, बाई,
आणि प्रत्येकीनं याची टाच खाल्लीय.
"मग त्यातलीच एक निवडा," ती म्हणाली.

खालून सातवी. तिथला कठडा अजून शाबूत आहे.
कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल,
टाच अधांतरी.
तीन मोजत वर,
दोन मोजेपर्यंत तिथंच,
तीन मोजत खाली, पायरीच्याही खाली.
बारा वेळा. दिवसाआड.
उठण्याआधी खाटेवरच
पायाची बोटं नडगीकडे ओढून धरायची.
संध्याकाळी तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवायची.
ती माझ्या फ्रीजरमध्ये माशाशेजारी असते,
वर मी लिहिलंय, पिऊ नये.

येणारे-जाणारे विचारत,
निबाल्दो, वर चाललास की खाली?
कुठंच नाही, म्हणायचा,
आणि मोजणं चुकायचं.

सहा आठवडे काही म्हणजे काही नाही.
तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या,
टॉवेल भिरकावला थेट एउफेमियाच्या गच्चीत.
रात्री मीच आणला परत.
पट्टीनं मोजावं तसं माणूस बरा होत नाही,
हे मला इस्त्रीवाल्या बाईला ठाऊक होतं.
एका सुरकुतीला कधी अख्खी दुपार जाते.

मग एका पहाटे
खाट करकरली
आणि पुढं काहीच आलं नाही.
ना श्वास, ना शिवी.
मी अंधारात पडून राहिले,
हात लांब करायचं धाडस होईना.
चादर गार होती.
स्वयंपाकघरात किटली वाजली तेव्हा कळलं
तो केव्हाच चालत गेला होता.

गोष्ट इथं संपवता आली असती.
पण ऑगस्टच्या थंडीत त्यानं व्यायाम सोडला,
बरं वाटतंय म्हणून,
आणि भिंतीवर पुन्हा हाताचे डाग उमटले.
यास्ना रागावली नाही.
बूट मागितला, तळ अंगठ्यानं दाबला,
कागदासारखा वाकला तो.
"नवे घ्या. आणि पुन्हा सहापासून सुरू करा,
बारापासून नको."

आता त्याच्याबरोबर भाचा असतो, उलिसेस,
एकोणीस वर्षांचा, पाय हरणाचे.
पहिली टाकी उचलण्याआधी
मामा त्याला सातव्या पायरीवर उभं करतो.
मला काही दुखत नाही, मामा.
म्हणूनच, मामा म्हणतो,
आणि मोजतो, मोठ्यानं,
बोळातली कुत्रीसुद्धा तीनला थांबतात.

मी काही बोलत नाही.
दिवसभर इस्त्रीपुढं उभी असते मीही.
दुपारी बोळ रिकामा झाला
की सातवीवर जाऊन
कठडा धरते.